कॅरो-कान बचाव, ३. ई५ नंतर: आधी उंट की आधी प्यादे?

विश्रामबाग_पट

नमस्कार. धाग्याचा विषय मर्यादित आहे आणि चर्चा त्यावरच राहावी अशी विनंती आहे. १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई५ या ॲडव्हान्स प्रकारात (आकड्यानंतर आधी पांढऱ्याची, मग काळ्याची चाल; नुसते घर लिहिले तर ती प्याद्याची चाल; तीन टिंबे म्हणजे काळ्याची चाल, × म्हणजे मारणे) काळ्याने तिसऱ्या चालीला उंट एफ५ खेळावे की सी५, एवढाच प्रश्न मी मांडत आहे. तिसरी उत्तरेही आहेत, जी६ आहे, वजीर बी६ आहे, परंतु त्यांच्याविषयी स्वतंत्र धागा काढणे योग्य ठरेल.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मी सांगलीत शाळकरी मुलांचा बुद्धिबळाचा वर्ग घेतो. त्यांतील जी मुले मानांकन स्पर्धांना जाऊ लागली आहेत, त्यांनी ई४ विरुद्ध कॅरो-कान निवडला आहे. डी५वर प्यादी मारामारी करणारा एक्स्चेंज प्रकार त्यांना जड जात नाही आणि ३. घोडा सी३ हल्ली त्यांच्या पटावर फारसा येत नाही. जे येते ते ३. ई५. पांढऱ्याला जागा मिळते, प्याद्यांची साखळी डी४-ई५ अशी बसते आणि पुढचे आराखडे सोपे असतात, त्यामुळे या वयाच्या प्रतिस्पर्ध्यांना ही चाल आवडते.

पुस्तकी उत्तर उंट एफ५ आहे. फ्रेंच बचावात काळ्याचा पांढऱ्या घरांचा उंट ई६च्या प्याद्यामागे कोंडला जातो, तर कॅरो-कानमध्ये तो आधी बाहेर काढून मग ई६ करता येते, हे या बचावाचे मूळ आकर्षण आहे आणि त्याबद्दल माझे दुमत नाही. माझी अडचण अशी आहे की उंट एफ५वर आला की तो पांढऱ्याचे लक्ष्य होतो. ४. घोडा सी३ ई६ ५. जी४ उंट जी६ ६. घोडा जी-ई२ या मार्गात पांढरा एच४ आणि घोडा एफ४ करून त्या उंटामागे हात धुऊन लागतो. ४. एच४ ही वेगळी परीक्षा असते. ४. घोडा एफ३ आणि ५. उंट ई२ हा नायजेल शॉर्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा शांत मार्ग तिसऱ्याच प्रकारचा डाव देतो. या प्रत्येक मार्गाला निराळे उत्तर पाठ असावे लागते आणि पहिल्या दोहोंत एक चाल चुकली तरी मोहरा जातो.

याउलट ३... सी५ नंतर काळ्याने पांढऱ्यासमोर काहीच ठेवलेले नसते. जी४ खेळायला कारण उरत नाही आणि एच४लाही नाही, कारण एफ५वर कोणी नाही. पांढऱ्याला मध्यभागाबद्दल तिथल्या तिथे निर्णय घ्यावा लागतो.

सी५ विरुद्धचा नेहमीचा आक्षेप मला ठाऊक आहे. सी७चे प्यादे आधी सी६ आणि मग सी५ असे दोन चालींत गेले, म्हणजे काळ्याने एक चाल फुकट घालवली. परंतु उंट एफ५च्या डावांत काळा पुढे काय करतो ते पाहावे. शॉर्ट मार्गात ५. उंट ई२ नंतरचे सर्वांत सरळ उत्तर ५... सी५ हेच आहे. घोडा सी३ आणि जी४च्या मार्गातही सहाव्या चालीला सी५ येते. डी४-ई५ या साखळीच्या मुळावर घाव घालण्यासाठी काळ्याला सी५ आज ना उद्या करावेच लागते, म्हणजे ती चाल दोन्हीकडे जाते. फरक एवढाच की एका मार्गात ती उंट बाहेर काढल्यानंतर जाते आणि दुसऱ्यात आधी. त्यामुळे ‘चाल गमावली’ हा आक्षेप दोहोंतून निवड करण्यास उपयोगाचा नाही असे माझे मत आहे.

इंजिनाचे, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालीचे, आकडे कृपया एकमेव पुरावा म्हणून देऊ नयेत. दोन्ही चालींत ते पांढऱ्याला थोडे अधिक देते आणि दोहोंमधला फरक इतका लहान असतो की गणनेची खोली वाढवली की तो कमीजास्त होतो. कोणत्या चालीनंतर काळ्याला काय करायचे आहे हे अधिक स्पष्ट राहते, यावर मते हवी आहेत.

मिरज_जंक्शन

मांडणी नीट केली आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही.

पहिला मुद्दा उंटाचाच. सी५ नंतर पांढऱ्याने ४. डी×सी५ केले आणि काळ्याने ४... ई६ केले की पटावर काय दिसते? सी८चा उंट आत आणि ई६चे प्यादे त्याच्या तोंडावर. फ्रेंच बचावात १. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई५ सी५ ४. डी×सी५ झाल्यावर चाल काळ्याची असते, तर इथे हुबेहूब त्याच स्थितीत चाल पांढऱ्याची आहे. म्हणजे कॅरो-कान निवडण्याचे जे कारण मुलांना पहिल्या दिवशी सांगितले तेच आपण तिसऱ्या चालीला सोडून दिले आणि वर एक चाल देऊन फ्रेंच विकत घेतला. ज्याला असे डाव आवडतात त्याने १... ई६ खेळावे, त्यात कमीपणा नाही.

‘चाल दोन्हीकडे जाते’ हे विधान खरे आहे, पण अपुरे आहे. उंट एफ५च्या मार्गात ती चाल जाते तेव्हा बदल्यात उंट साखळीबाहेर आलेला असतो. सी५च्या मार्गात ती जाते तेव्हा बदल्यात काय मिळाले हे अजून ठरायचे असते.

या बचावाची जी पहिली गाजलेली लढत, ती नेमकी याच प्रकाराची होती, याची आठवण करून द्यावीशी वाटते. १८८५ साली हॅम्बुर्ग येथे मिझेस यांच्याविरुद्ध मार्कुस कान यांनी ३. ई५ला उंट एफ५ असेच उत्तर दिले. मिझेस यांनी ४. उंट डी३ करून उंटांची अदलाबदल केली, कान यांनी ई६ आणि मग सी५ केले, नंतर घोडा सी६, वजीर बी६ आणि दुसरा घोडा एच६मार्गे एफ५वर आणून डी४वर दाब वाढवत नेला, तेराव्या चालीला घोड्याने डी४वर घाव घातला आणि सतराव्या चालीला हत्ती सी१वर टाकून डाव फोडला. चोवीस चालींत पांढऱ्याने हार मानली. पुढच्या वर्षी कॅरो आणि कान यांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले आणि बचावाला नाव मिळाले. पांढऱ्याने स्वतःचा चांगला उंट आपण होऊन दिला की साखळीची सगळी पांढरी घरे कशी उघडी पडतात, हे शिकवायला मला यापेक्षा चांगला डाव आढळलेला नाही. आजही मुलांच्या स्पर्धांत ४. उंट डी३ सर्रास खेळली जाते आणि तिच्याविरुद्ध याच आराखड्याने काळ्याला उत्तम डाव मिळतो.

राहिला पाठांतराचा प्रश्न. जी४च्या मार्गात ६... सी५ ७. एच४ एच५ ८. घोडा एफ४ उंट एच७ ९. घोडा×एच५ इथपर्यंत मुलाला यावे लागते हे मान्य. पण हा मार्ग पांढऱ्यालाही तितकाच यावा लागतो आणि त्याचा राजासुद्धा या धामधुमीत उघड्यावर असतो. धोका एकतर्फी आहे असे भासवणे योग्य नाही.

तासगावचा_हत्ती

सर, मी उंट एफ५ खेळतो. मध्येच विचारतो, क्षमा असावी. ४. एच४ नंतर नेहमीप्रमाणे ४... ई६ का चालत नाही, आणि एच५ व एच६ यांपैकी कोणती चाल खेळावी, हे कोणी सविस्तर सांगेल का? दोन्ही चाली दिसायला सारख्याच वाटतात.

काळी_सोंगटी

दिसायला सारख्या असल्या तरी त्या अगदी वेगळ्या आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

४. एच४ ई६ ५. जी४ झाले की उंटाला जागा शोधावी लागते. ५... उंट ई४ ६. एफ३ उंट जी६ ७. एच५ आणि उंट अडकला. ५... उंट जी६ केले तरी ६. एच५ उंट ई४ ७. एफ३ ने शेवट तोच होतो. एच७वर स्वतःचेच प्यादे असल्यामुळे परतीचे घर बंद आहे. म्हणून चौथ्या चालीला काळ्याने उंटाची काही तरी सोय करणे भाग आहे.

४... एच६ ने एच७ हे घर मोकळे होते आणि जी५वर पांढऱ्या उंटाला येता येत नाही. पण ५. जी४ नंतर उंट एच७वर नेला तर ६. ई६ हा प्याद्याचा बळी येतो. ६... एफ×ई६ ७. उंट डी३ उंट×डी३ ८. वजीर×डी३ अशी अदलाबदल झाली की जी६ हे घर उघडे पडते, तिथे वजिराचा शह बसतो आणि काळ्याची राजाची बाजू उठतच नाही. म्हणून एच६ खेळणाऱ्याने ५. जी४ला उंट डी७ हीच माघार लक्षात ठेवावी. मग डाव पुन्हा फ्रेंचसारखा होतो. उंट डी७वर, पुढे ई६ आणि सी५, आणि पांढऱ्याकडे राजाच्या बाजूला भरपूर जागा. मिरज_जंक्शन यांनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उंट एफ५ खेळूनसुद्धा उंट साखळीच्या आत परत येण्याचे मार्ग आहेत आणि ते पांढऱ्याच्या हातात आहेत.

४... एच५ ने जी४चा प्रश्न मिटतो, उंट एफ५वरच राहतो. किंमत अशी की जी५ हे घर कायमचे पांढऱ्याचे होते. तिथे आलेल्या मोहऱ्याला एच६ने हुसकता येत नाही आणि एफ६ने हुसकले तर ई६ दुबळे होते. ५. उंट जी५ ही त्यामुळे तर्कशुद्ध चाल आहे. आता ई६ केले तर डी८चा वजीर जातो, म्हणून आधी ५... वजीर बी६. ६. उंट डी३ उंट×डी३ ७. वजीर×डी३ वजीर ए६ अशी वजिरांची अदलाबदल देऊ केली की पांढऱ्याच्या हल्ल्यातील हवा जाते. दुसरा मार्ग ५. सी४. तो अधिक गंभीर आहे, कारण तिथे पांढरा मध्यभाग उघडतो आणि काळ्याच्या राजाला कोणत्या बाजूला किल्लेकोट करावा हा प्रश्न बराच काळ सुटत नाही.

माझे मत एच५च्या बाजूने आहे. एच६ ही चाल वाईट नाही, पण तिच्यानंतर मिळणारा डाव ज्याला आवडतो त्याने तिसऱ्या चालीलाच सी५ का खेळू नये, असा प्रश्न मला पडतो. याखेरीज ४. एच४ला थेट ४... सी५ असेही उत्तर हल्ली दिले जाते, म्हणजे धाग्यातील दोन्ही चाली एकाच डावात आल्या.

देशी_डाव

विश्रामबाग_पट यांनी सी५च्या चाल गमावण्याबद्दल लिहिले आहे ते वाचून आमच्या आधीच्या पिढीची आठवण झाली. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकत असे, त्यामुळे सी७चे प्यादे सी५वर जायला दोन चाली लागणे यात त्या खेळाडूंना काही वावगे वाटले नसते. सांगलीत पुढे आंतरराष्ट्रीय नियमांचा खेळ रुजला तो भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या आणि नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांमुळे, हे इथल्या वाचकांना सांगायला नकोच.

मूळ मुद्द्याकडे येतो. ३... सी५ला बोट्विनिक-कार्ल्स हे नाव आहे आणि त्यातील बोट्विनिक यांचा भाग १९६१ च्या परतीच्या विश्वविजेतेपद सामन्यातून येतो. त्या सामन्यात मिखाईल ताल यांनी ३. ई५चा आग्रह धरला आणि बोट्विनिक यांनी त्याला उंट एफ५ आणि सी५ अशी दोन्ही उत्तरे वापरली. आठव्या डावात ३... सी५ ४. डी×सी५ ई६ ५. वजीर जी४ असे झाले आणि तो डाव ताल जिंकले. सामना मात्र बोट्विनिक यांनी १३-८ असा जिंकला.

यातून सी५ वाईट असा अर्थ काढणारे लोक आहेत. मी तसा काढत नाही. एका डावाच्या निकालावरून सुरुवातीच्या चालीची पारख करणे ही जुन्या पुस्तकांची खोड होती. पण ५. वजीर जी४मध्ये एक गोष्ट खरी आहे आणि ती शिकवण्यासारखी आहे. काळ्याने ई६ केल्यामुळे सी८च्या उंटाची जी४वरची नजर बंद झाली, म्हणून पांढरा वजीर तिथे निर्धास्त येऊ शकला, जी७वर नजर ठेवू शकला आणि एफ८चा उंट सी५वर जाऊन प्यादे घ्यायला अडखळला. चौथ्या चालीला ई६ऐवजी घोडा सी६ केले असते तर वजीर जी४ला उंटाने सरळ वजीर खाल्ला असता. तेव्हा सी५च्या बाजूने बोलणाऱ्यांनी आधी चौथ्या चालीचा निकाल लावावा. तिसऱ्या चालीचा वाद मला त्यापुढे दुय्यम वाटतो.

विश्रामबाग_पट

देशी_डाव काका, आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. ४. डी×सी५ हीच कसोटीची चाल आहे. ४. सी३ ही मुलांच्या स्पर्धांत फार येते, पण तिच्यात पांढऱ्याला काही मिळत नाही. ४... घोडा सी६ ५. घोडा एफ३ उंट जी४ झाले की फ्रेंच ॲडव्हान्सचीच रचना येते आणि काळ्याचा उंट मात्र बाहेर असतो. मग ई६, घोडा ई७, घोडा एफ५ आणि डी४वर दाब. मिरज_जंक्शन यांना हवा असलेला उंट इथे एफ५ऐवजी जी४वर बाहेर येतो, एवढाच फरक. ४. घोडा एफ३ला सी×डी४ ५. घोडा×डी४ घोडा सी६ करून काळ्याला सरळ विकास मिळतो.

आता ४. डी×सी५. इथे काळ्यापुढे ई६ आणि घोडा सी६ असे दोन मार्ग आहेत.

४... ई६ मध्ये प्यादे परत मिळवण्याचा इरादा उघड आहे. पांढऱ्याने ५. घोडा एफ३ केले तर उंट×सी५, मग घोडा सी६, दुसरा घोडा ई७मार्गे जी६वर आणि ई५च्या प्याद्यावर दाब. डी४चे प्यादे गेल्यामुळे ई५ला आता प्याद्याचा जोर नाही, तो जोर मोहऱ्यांनीच पुरवावा लागतो, ही या रचनेतील काळ्याची खरी कमाई आहे. पांढऱ्याने ५. उंट ई३ करून प्यादे राखले तर घोडा ई७ ६. सी३ घोडा एफ५ ७. उंट डी४ असे होते. इथे उंट डी४वर भक्कम बसतो आणि पुढे बी४ येते. काळ्याने मग ए५ आणि बी६ करून ती साखळी पोखरावी लागते. डाव खेळण्यासारखा आहे, परंतु मुलांना प्यादे कमी असताना शांतपणे पोखरत बसणे जमत नाही असा अनुभव आहे. शिवाय घाईने राजाच्या बाजूला किल्लेकोट केला आणि डी३चा उंट एच७वर पडला, मग घोडा जी५ आणि वजीर एच५, तर डाव तिथेच आटोपतो. घोडा जी६ किंवा एफ५वर आल्याशिवाय किल्लेकोट करू नये असे मी ई६ खेळणाऱ्यांना बजावतो.

४... घोडा सी६ मध्ये काळा उंटाचा रस्ता मोकळा ठेवतो आणि ई५कडे आधी पाहतो. ५. घोडा एफ३ ही नैसर्गिक चाल पांढऱ्याला महागात पडते, कारण ५... उंट जी४ ने ई५चा रक्षक जखडला जातो, म्हणजे तो हलला तर मागचा वजीर उघडा पडतो. इथे एक सापळा मुलांना दाखवावाच लागतो. ६. सी३ नंतर घोडा जखडला आहे असे समजून ६... घोडा×ई५ केले तर ७. घोडा×ई५! उंट×डी१ ८. उंट बी५ शह, आता वजीर डी७ हा एकच उपाय, ९. उंट×डी७ शह राजा डी८ १०. राजा×डी१ आणि पांढरा दोन मोहरे वर. म्हणून आधी ६... ई६, मग सी५चे प्यादे निवांत परत घ्यावे.

माझा कल ४... घोडा सी६कडे आहे. फ्रेंच विकत घेतल्याचा जो आक्षेप वर आला तो ई६ला लागू पडतो, घोडा सी६ला नाही.

मिरज_जंक्शन

नाही कसा? तुम्ही ५. घोडा एफ३ पाहिली, पण जाणता पांढरा ५. उंट बी५ खेळेल. घोडा जखडला गेला, ई५वरचा दाब संपला आणि जी१चा घोडा अजून घरीच असल्यामुळे उंट जी४ला जखडायला कोणी नाही, फक्त वजिरावर क्षणभर चढाई होते आणि एफ३ने उंटालाच मागे जावे लागते. काळ्याने प्यादे परत मिळवायचे तर ५... ई६ करावेच लागते. उंट पुन्हा आत. ६. उंट ई३ नंतर प्यादेही पांढऱ्याकडेच आहे. माझा आक्षेप एका चालीने लांबणीवर पडला, रद्द झाला नाही.

तुमच्या वर्गातील मुलांचे प्रतिस्पर्धी ५. उंट बी५ खेळणार नाहीत हे उत्तर मला नको आहे. मोठ्या स्पर्धेत ते भेटतीलच.

तासगावचा_हत्ती

एच५ आणि एच६चा फरक कळला, आभारी आहे. उंट बी५च्या स्थितीत काळ्याने नेमके काय करायचे हेही कृपया लिहावे.

काळी_सोंगटी

मिरज_जंक्शन यांची चाल बरोबर आहे आणि सी५ची पारख तिथेच व्हायला हवी. ५. उंट बी५ ई६ ६. उंट ई३ घोडा जी-ई७ ७. सी३ उंट डी७ असे खेळून पाहू.

शेवटच्या चालीने घोडा सुटला आणि घोडा×ई५ची धमकी उभी राहिली, कारण उंट×डी७ शहाला तोच घोडा डी७वर परत येऊन उंट घेतो आणि प्यादे खिशात राहते. म्हणून पांढरा साधारणपणे ८. उंट×सी६ घोडा×सी६ करून ९. एफ४ने ई५ला जोर देतो. आता हिशेब मांडावा. पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त आहे आणि मध्यभागी जागा आहे. काळ्याकडे उंटांची जोडी आहे आणि डी७चा जो उंट ‘कोंडलेला’ म्हणून आपण इतके दिवस त्याची कीव करत आहोत त्याला विरोध करणारा पांढऱ्या घरांचा उंट आता पटावर नाही. तो आज निजलेला असला तरी पांढऱ्याने सी३, ई५, एफ४ अशी सगळी प्यादी काळ्या घरांवर मांडल्यामुळे पांढरी घरे राखायला त्याच्याकडे घोड्यांखेरीज कोणी नाही. बी५ आणि ए४ या घरांवरून हा उंट पुढे बोलू लागतो.

खेळण्याचे दोन मार्ग दिसतात. पहिला तडकाफडकी ९... जी५. १०. एफ×जी५ घोडा×ई५ नंतर पांढऱ्याचा मध्यभाग कोसळतो, पण एच८चा हत्ती आणि काळ्याचा राजा दोघेही उघड्यावर येतात, शिवाय प्यादे अजून कमीच असते. हिशेब पक्का असलेल्याने तो खेळावा. दुसरा संथ, म्हणजे उंट ई७, किल्लेकोट आणि सवडीने बी६ करून सी५ला टोकणे. पांढऱ्याने बी६वर घेतले तर ए किंवा सी स्तंभावर हत्तींना काम मिळते.

आता दोन्ही तिसऱ्या चालींची तुलना मला अशी दिसते. उंट एफ५ खेळणाऱ्याला उंट बाहेर मिळतो, पण डाव किती तीक्ष्ण व्हावा हे पांढरा ठरवतो, आणि एच४च्या एका मार्गात तर तो उंट डी७वर परतही जातो. सी५ खेळणाऱ्याला प्यादे काही काळ द्यावे लागते आणि खऱ्या कसोटीच्या मार्गात उंट आतच राहतो, पण त्याच्या बदल्यात तो पांढऱ्याचा चांगला उंट घेतो. ज्या मुलाला एक प्यादे मागे राहून दहा चाली धीर धरता येत नाही त्याला मी सी५ देणार नाही, मग इंजिन काहीही म्हणो. त्याने एच५ आणि वजीर बी६ पाठ करून उंट एफ५च खेळावे.

विश्रामबाग_पट

५. उंट बी५चे हे विश्लेषण वाचून मी वर्गातील दोन गट वेगळे करणार आहे. जी मुले फ्रेंचसारख्या रचनांतून आली आहेत त्यांना ४... घोडा सी६ सह सी५ आणि बाकीच्यांना उंट एफ५. मात्र नवव्या चालीच्या जी५बद्दल माझी शंका शिल्लक आहे. १०. एफ×जी५ न करता पांढऱ्याने १०. घोडा एफ३ असा शांत विकास केला तर काळ्याने जी×एफ४ ११. उंट×एफ४ होऊ द्यावे की जी४ करून घोड्याला हुसकावे? पहिल्यात पांढऱ्याचा उंट ई३ सोडतो आणि सी५चा जोर जातो, म्हणून ११... उंट×सी५ने प्यादे परत मिळते असे मला दिसते. पण त्यानंतर पांढऱ्याला घोडा डी२मार्गे बी३वर आणून त्याच उंटावर चाल मिळते आणि काळ्याच्या राजाला राजाच्या बाजूला आसरा राहिलेला नाही. वजीर बी६ करून वजिराच्या बाजूला किल्लेकोट करणे पुरेसे वेगवान आहे का, हे काळी_सोंगटी यांनी पाहून सांगावे.

काळी_सोंगटी

११... उंट×सी५ला माझी संमती आहे. १२. घोडा बी-डी२ नंतर लगेच १२... वजीर बी६ करावे, कारण आता वजीर बी२च्या प्याद्यावर नजर ठेवतो आणि एफ२ रिकामे असून सी५चा उंट थेट जी१ या घरावर रोखलेला असल्यामुळे पांढऱ्याला राजाच्या बाजूला किल्लेकोट करता येत नाही. १३. घोडा बी३ने बी२ झाकले जाईल आणि उंटाला ई७वर जावे लागेल किंवा एफ२वर शह देऊन राजाला हलवावे लागेल. शहाने राजा ई२वर येतो, पण उंट तिथे एकटा पडतो, म्हणून मी ई७ पसंत करीन. त्यानंतर वजिराच्या बाजूचा किल्लेकोट एका चालीवर आहे आणि जी स्तंभ हत्तीसाठी मोकळा आहे. प्यादी समान, उंटांची जोडी काळ्याकडे. १०... जी४ मात्र खेळू नये. त्याने एफ४चे प्यादे पक्के होते आणि ११. घोडा डी४वर तो घोडा कोणी हलवू शकत नाही.